आमच्या म्हाताऱ्याचे मोजे

घरातली कुठलीही अडचण मी अर्ध्या तासात सोडवतो! बायको याला ‘वाढवतो’ म्हणते, पण ते असो.

आमचा कुत्रा म्हातारा झाला. बारा वर्षांचा. नावच ‘म्हातारा’ पडलं. हल्ली त्याचा मागचा पंजा उलटा दुमडायचा आणि तो तसाच फरफटत चालायचा. चार दिवस तर जागचा हललाच नाही. मी त्याला उचलून दवाखान्यात नेलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा पंजा हाताने उलटा टेकवला. म्हातारा ढिम्म!

“पाय कुठे पडलाय हेच त्याला कळत नाही,” त्या म्हणाल्या. “नसा निरोप पोचवत नाहीत. दुखत नाही, पण पूर्ण बरंही होणार नाही. फक्त घसरू देऊ नका. घाबरलाय तो.”

घरी येताच मी त्याला लोकरीचे मोजे चढवले.

“अहो, गुळगुळीत फरशीवर लोकर?” बायको ओरडली.

“तू बघच!”

म्हातारा बघतच बसला. म्हटलं, करून दाखवावं! हातापायांत मोजे घालून मी रांगायला लागलो. तिसऱ्या पावलाला चारी पाय चार दिशांना गेले आणि मी साबणाच्या वडीसारखा थेट जेवणाच्या टेबलाखाली! कंबरेत कट्कन आवाज झाला.

बायकोने घाबरून हाताला लागला तो नंबर फिरवला. “लवकर या हो! मागचे पाय हलतच नाहीत!”

वीस मिनिटांत डॉक्टरीणबाई कुत्र्याचं स्ट्रेचर घेऊन हजर! “पेशंट कुठाय?”

“टेबलाखाली,” मी म्हणालो. बाईंनी वाकून पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना.

तेवढ्यात म्हातारा उठला. धडपडत, दोनदा बसत, फरफटत माझ्यापाशी आला आणि माझं तोंड चाटून शेजारी पसरला. बाईंचं हसू थांबलं. त्यांनी त्याचे मोजे काढले, बायकोने खोलीभर रबरी चटया अंथरल्या, आणि म्हातारा डुलत डुलत दारापर्यंत जाऊन आला!

मला मात्र माणसांच्या डॉक्टरांनी आठवडाभर आडवं केलं.

परवा बायको माझ्या सासूबाईंशी फोनवर बोलत होती. “आता चालायला लागलंय गं आमचं ध्यान! इतकं गुणी, जराही कुरकुर नाही.”

माझे डोळे पाणावले. सव्वीस वर्षांच्या संसारात पहिलं कौतुक!

“ह्यांचं होय?” ती पुढे म्हणाली. “ह्यांचं काही विचारूच नकोस, आई!”