सुपडाभाऊंचा गोबरगॅस

पुतणीला पाहायला आलेल्या मुलाला सुपडाभाऊंनी शिक्षण विचारलं नाही, शेतीही विचारली नाही. पोह्यांची बशी त्याच्या हातात देत ते म्हणाले, "बाप्पा, तू खातो किती अन् देतो किती?"

मुलगा उठून गेला नाही, हेच नवल! वरवट बकालात भाऊ माझे भिंतीपलीकडचे शेजारी. जगातल्या प्रत्येक वस्तूला त्यांचा हा एकच प्रश्न. विहिरीवरचं डिझेलचं इंजिन त्यांनी याच प्रश्नावर विकलं. घरातली मांजर याच प्रश्नावर माझ्याकडे राहायला आली.

आणि मग त्यांच्या अंगणात गोबरगॅस आला. गावातला पहिला! शेण-पाणी कालवून टाकीत ओतायचं, गॅस धरला की वरचं लोखंडी झाकण चढायचं, आणि नळीनं गॅस थेट स्वयंपाकघरात. निळी ज्योत पेटली तेव्हा शेगडीभोवती अर्धा गाव होता.

"पाह्य बे, बिनधुराचा जाळ!" भाऊ नाचायचेच बाकी होते.

मला जास्त आनंद वहिनींसाठी झाला. त्यांना खोकला जडला होता. मलकापूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, चुलीचा धूर बंद करा, नाहीतर छाती जाईल. पण वहिनी ऐकतील तर ना! गॅस आला तेव्हा कुठे त्या चुलीपुढून उठल्या.

थंडी पडली आणि टाकीचं झाकण खाली बसलं. गारठ्यात शेण लवकर कुजत नाही, गॅस धरत नाही. वहिनींनी जाहीर केलं, "उद्यापासून चूल पेटवते मी."

"थोडे दिस थांब वं," भाऊ अक्षरशः गयावया करत होते.

मी लगेच सोय लावली, त्यांच्या भाकरी आमच्याकडे. आणि काय सांगू, आठवडा व्हायच्या आत झाकण पुन्हा वर! सकाळीच मी बघायला धावलो. गोठ्यामागे भाऊ तीन दगडांपुढे उकिडवे बसलेले. वर पाण्याचं मोठं भगुनं, हातात फुंकणी, डोळे लालभडक.

"हे काय भाऊ?"

"गरम पान्यात शेन कालवलं का गॅस धरते."

"अहो, पण एवढ्या लाकडांत तर दोन्ही वेळचा स्वयंपाक होईल!"

"मले समजत नाही का बे? साफ तोट्याचं काम आहे." ते खोकत खोकत हसले. "पन धूर इकडं राह्यते. तिले सांगू नोको."

मी आत गेलो. वहिनींनी शेगडीवरचा चहा उकळी यायच्या आतच उतरवला आणि पटकन गॅस बंद केला.

"वहिनी, कच्चाच राहिला की."

"राहू द्या, भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. "त्यायचे कपडे मीच धुते. धुराचा वास येते त्याले. जेवढा गॅस वाचला तेवढा जाळ ते कमी फुकतीन." दाराकडे बघत त्या म्हणाल्या, "बोलू नोका."

भाऊ डोळे पुसत आत आले. तो कोमट, फिक्का चहा त्यांनी एका दमात संपवला.

"फस्क्लास!" ते म्हणाले.