मालनकाकींचे नऊ इंच

संघमित्रा गजभियेच्या लेझर मीटरनं तिसऱ्यांदाही चौदा फूट तीन इंचच दाखवले. नकाशात पंधरा होते.

घर तारण ठेवून कुणी कर्ज मागितलं की बँक संघमित्राला ते घर मोजायला आणि त्याची किंमत ठरवायला पाठवत असे. बारा वर्षांत तिनं घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत हजारेक घरं पालथी घातली होती. आत घेतलेल्या गॅलऱ्या, चढवलेले पोटमाळे, जिन्याखाली थाटलेली देवघरं असं सगळं बघून झालं होतं. घरं वाढतात, हे तिला ठाऊक होतं. पण बसल्या जागी आकसलेलं घर ती पहिल्यांदाच पाहत होती.

घर विक्रोळी पूर्वेच्या एका जुन्या चारमजली इमारतीत होतं, तिसऱ्या मजल्यावर. मालकीण मालन राणे, वय चौऱ्याहत्तर, एकट्या राहणाऱ्या. मुलगा सिद्धेश ठाण्याला. त्याला फिजिओथेरपीचं सेंटर काढायचं होतं आणि त्यासाठी आईचं घर तारण ठेवायचं होतं. रिपोर्ट संध्याकाळपर्यंत गेला नाही, तर सेंटरची जागा दुसरा घेणार होता.

संघमित्रानं त्याला फोन लावला. "सर, रुंदीत नऊ इंच कमी भरतायत."

"मग पंधरा लिहा ना मॅडम. नऊ इंचासाठी बँक काय टेप घेऊन येणारे?"

"बँकेनं टेप घेऊनच पाठवलंय मला."

तिनं पिशवीतून साधी टेप काढली. लेझर बिघडू शकतो, टेप कशाला खोटं बोलेल? टेपचं एक टोक मालनकाकींच्या हातात दिलं, पण मध्ये कपाट येत होतं. कपाट दोघींनी मिळून ढकललं, ते किंचाळतच सरकलं. तो आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे चंद्रप्रकाश तांबे बनियनवर शर्ट चढवत वर आले. त्यांना दारातून टेप दिसली आणि ते जिन्यात तोंड घालून ओरडले, "अरे या रे सगळे! बिल्डरची माणसं मोजायला आलीत!"

इमारतीचा पुनर्विकास सात वर्षं गाजत होता. दोन मिनिटांत दारात दहा-बारा जण जमले.

"मी बिल्डरची नाही, बँकेची आहे," संघमित्रा म्हणाली.

"बिल्डरची माणसं असंच सांगतात," चंद्रप्रकाश म्हणाले. "काही हरकत नाही. आलाच आहात तर माझं पण मोजा. खिडकीचा कट्टा धरून मोजा पण."

"पहिलं आमचं! आमच्याकडे पाहुणे यायचेत."

या गलक्यात शेजारच्या तीनशे तीनमधून मार्तंड चुरी बाहेर आले. मार्तंड म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. एरवी पाण्याच्या टाकीवर कावळा बसला तरी चौकशी करणारा माणूस. त्यांनी संघमित्राचं आयकार्ड हातात घेतलं, न वाचताच परत दिलं आणि जाहीर केलं, "मॅडम बँकेच्याच आहेत. त्यांचं काम झालंय. जाऊ द्या त्यांना."

"झालं नाहीये," संघमित्रा म्हणाली. "नऊ इंच सापडत नाहीयेत."

मार्तंडचा चेहरा चुना फासल्यासारखा झाला. "जुनं बांधकाम आहे मॅडम. आकसतं."

"असं कसं आकसेल? एक काम करूया. तुमचं घर याच मापाचं आहे ना? ते मोजते. तेही कमी भरलं, तर नकाशाच चुकीचा, असं लिहिता येईल."

"आमच्याकडे रंगकाम चालू आहे."

"कधीपासून?" चंद्रप्रकाशनी विचारलं.

"आणि कुलूप आहे. बायको बाहेर गेलीये."

तेवढ्यात तीनशे तीनच्या दारातून रुचिरा चुरी डोकावल्या. "अहो, चहा गार होतोय! आणि एवढी माणसं कशाला? मॅडम, आत या ना तुम्ही."

मॅडम आत गेल्या, मागोमाग अर्धी इमारत. टेपचं टोक चंद्रप्रकाशनी हौसेनं धरलं. रुंदी भरली पंधरा फूट नऊ इंच.

कुणाला काही सांगायची गरज उरली नाही. सगळ्यांनी आधी दोन घरांमधल्या भिंतीकडे पाहिलं, मग भिंतीला चिकटून ऐटीत उभ्या असलेल्या दोन दारांच्या फ्रिजकडे आणि मग मार्तंडकडे.

"फ्रिज बसत नव्हता हो," मार्तंड अगदी हळू म्हणाले. "वीस वर्षं झाली. काकी गावी गेल्या होत्या गणपतीला. म्हटलं, भिंत नाहीतरी गळतीनं पोकळ झालीये, नवी बांधूच. बांधताना जराशी..." त्यांनी हातानं नऊ इंच दाखवले. आता त्यांचे डोळे भरून आले होते. "काकी, माफ करा. उद्याच गवंडी बोलावतो. भिंत होती तिथं नेऊन ठेवतो."

"भिंतीक हात लावशीत तर बघ!"

मालनकाकी कमरेवर हात ठेवून दारात उभ्या होत्या.

"माका काय म्हायती नाय? गावसून इलंय तेव्हा कपाट आपल्या जाग्यार बसना. तेव्हाच कळला."

"मग बोलला का नाहीत?" संघमित्रानं विचारलं.

"बोलतलंय होतंय. पण दुसऱ्या दिवसा ह्यो सिलिंडर घेवन दारात उभो. मग रेशन आणूक लागलो. मग लायटीचा बिल. माझ्या मोतीबिंदूच्या टायमाक आठ दिवस डोळ्यात औषध कोणी घातला? ह्येनीच. माझो झील ठाण्यात र्‍हवता, तेका येवक टाईम गावना नाय." काकींनी भिंतीवर थाप मारली. "नऊ इंचात असो माणूस खंय गावता? भिंत मागे गेली तर ह्यो पण जायत."

मार्तंडना रडावं की हसावं ते कळेना. ते फ्रिजला टेकले.

संघमित्रानं काकींचं घर चौदा फूट तीन इंचच लिहिलं. दोनशे पंचवीसऐवजी दोनशे चौदा चौरस फूट. किंमत थोडी उतरली, तरी सिद्धेशच्या कर्जाला ती पुरत होती. फरकाचं कारण लिहायच्या रकान्यात तिनं बराच विचार करून लिहिलं : 'सामाईक भिंत सरकलेली आहे. मालकांना कल्पना आहे. तक्रार नाही.' खाली काकींची सही घेतली आणि शेजारी मार्तंडची. काकींनी त्या कागदाची एक झेरॉक्स मागून घेतली. ती आणायला अर्थातच मार्तंडच खाली पळाले.

मुलुंडचं पुढचं घर गाठायला संघमित्रा घाईनं जिना उतरू लागली, तर दुसऱ्या मजल्यावर चंद्रप्रकाश तांबे कठड्याला धरून उभे होते. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी कॅनडात. त्यांनी वर-खाली कुणी नाही ना ते पाहिलं आणि आवाज अगदी बारीक केला.

"मॅडम, कट्ट्याचं जाऊ द्या. मला एक सांगा. शेजारच्या जोडप्याला माझ्या घरातले नऊ इंच द्यायचे म्हटलं, तर त्यांना आपणहून सांगावं, की मी महिनाभर गावाला जाऊन यावं?"