‘काही नाही’ची खात्री

“माझ्या चष्म्याच्या घराला काय केलंस गं? जड लागतंय.”

“काही नाही.”

बायकोचं एवढं ऐकून खात्रीभाऊंनी चष्मा नाकावर चढवला, घर शर्टाच्या खिशात टाकलं आणि कामावर निघाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखादी गोष्ट न तपासता खरी मानली होती. पुढचं सगळं त्यातून झालं.

एरवी तपासणं हाच त्यांचा धंदा. आकाशातून येणारी कुजबूज रेडिओ दुर्बिणीच्या थाळीत पडते, आणि तिचे आकडे करणारी इलेक्ट्रॉनिक कार्डं दुर्बिणीवर चढायच्या आधी खात्रीभाऊंच्या हाताखालून जातात. घरी दूध उतू जात असलं तरी ते आधी पुन्हा एकदा बघतात आणि मगच गॅस बंद करतात. खात्रीभाऊ हे नाव त्यांना उगाच पडलेलं नाही.

कार्डाची शेवटची परीक्षा सगळ्यांत अजब. बाहेरची लहर आत येऊ नये म्हणून एक खोली सगळीकडून पत्र्यानं मढवलेली. मोबाइल बाहेरच्या फळीवर ठेवायचे, दार लावायचं, कार्डाच्या कानात, म्हणजे लहर आत घेणाऱ्या तोंडात, बूच मारायचं आणि पडदा बघायचा. पडद्यावर सरळ रेघ दिसली पाहिजे, म्हणजे काहीच दिसता कामा नये. थोडक्यात, ‘काही नाही’ हे डोळ्यांनी बघून तसं छातीठोक लिहून द्यायचं, याचा खात्रीभाऊंना पगार मिळे.

त्या दिवशी रेघेवर उंचवटा होता.

“भाऊ, हे काय आहे?” कार्डताईनं विचारलं. हे कार्ड तिनं घडवलेलं. त्यापायी तिनं दोन वर्षं झोप, भूक आणि एक ठरत आलेलं लग्न बाजूला ठेवलं होतं. कार्ड न्यायला गाडी फाटकाशी उभी होती. आज नापास झालं, तर दुर्बिणीवरची जागा दुसऱ्याच्या कार्डाला जाणार होती.

“हे नसायला पाहिजे,” खात्रीभाऊ म्हणाले.

“ते मलाही दिसतंय हो!”

त्यांनी केबल बदलली. उंचवटा तिथंच. ट्यूबलाइट विझवली, पंखा थांबवला. उंचवटा ढिम्म.

“इमारतीतूनच काहीतरी येतंय,” खात्रीभाऊ म्हणाले. “तू बॅटरीवर मोज. मी सगळ्यांची वीज घालवून येतो.”

त्यांनी जिन्याखालचा मुख्य खटका ओढला. पंखे थांबले, दिवे गेले, आणि दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टसुद्धा थांबली. आतून मोठ्या साहेबांचा आवाज आला, “कोण आहे रे?”

“चाचणी चालू आहे, साहेब!”

मग आवाज आला, “बरं.”

इकडे कार्डताई ओरडली, “भाऊ, गेला! गेला!”

खात्रीभाऊ धावत आत आले. “कुठंय?”

“आला.”

ते बाहेर गेले, उंचवटा गेला. आत आले, तो आला. कार्डताईनं त्यांना पुन्हा पुन्हा आतबाहेर करायला लावलं आणि मग हळूच म्हणाली, “भाऊ, राग मानू नका. तुमच्यातूनच येतंय.”

“माझ्यातून?”

“सकाळी काय खाल्लंत?”

दुसरा कुणी चिडला असता. खात्रीभाऊंनी शंका रास्त धरली. बूट काढले. पट्टा काढला. साबण लावून, ओढून ओढून, बेसिनपाशी लग्नातली अंगठी काढली. मग एका हातानं पँट धरून ते स्टुलावर बसले. उंचवटाही बसला होता.

“अहो, मग तुम्ही बाहेर थांबा ना. मी बघते आणि सांगते.”

“बघणारा मीच पाहिजे, ताई. नियम आहे.”

“पण तुम्ही बघायला आलात की ते दिसतं!”

“तीच तर पंचाईत आहे.” त्यांनी मोकळ्या हातानं पेन उचललं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “नापास लिहितो. माफ कर.”

तेवढ्यात दाराबाहेरचा फोन वाजला. कार्डताईनं झटक्यात दार उघडून तो उचलला.

“मी घरून बोलतेय. यांचा चष्मा हरवला का हो?”

“नाही वहिनी, नाकावर आहे.”

“चष्मा नाही, चष्म्याचं घर. सकाळपासून माझ्या मोबाइलवर दिसत नव्हतं. आत्ता दिसतंय, मग नाहीसं होतंय, परत दिसतंय. हे काय आतबाहेर खेळतायत का?”

“घर मोबाइलवर कसं दिसेल?”

“आत मखमलीखाली ते बटण शिवलंय. हरवलेली वस्तू शोधायचं असतं ना, आसपासच्या मोबाइलांना सारखं ‘मी इथं, मी इथं’ सांगणारं. दर महिन्याला हरवतात. आणि यांना सांगितलं असतं, तर आठवडाभर बटणच तपासत बसले असते.”

कार्डताईनं खात्रीभाऊंच्या खिशातून घर उपसून बाहेर ठेवलं, दार लावलं. पडद्यावर रेघ आली. स्वच्छ, सरळ. काही नाही!

“भाऊ,” कार्डताई हसत होती की रडत होती, कळेना. “केवढंसं ते बटण, तेही मखमलीखाली, खिशात, वर कानात बूच. आणि माझ्या कार्डानं ऐकलं!”

खात्रीभाऊंनी पास लिहिलं. गाडी निघाली. वीज आली, लिफ्ट उघडली.

“लिफ्ट कुणी बंद केली?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“मी, साहेब.”

साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. सुदैवानं तो पँट धरलेला नव्हता. “फोन लागेना, कुणी बोलेना. कित्येक वर्षांनी निवांत डोळा लागला हो. फार आभारी आहे. पुढची चाचणी कधी?”

घरी जाताना खात्रीभाऊंनी वाटभर वाक्याची तालीम केली. बायकोचे आभार मानायची सवय नव्हती.

“काय झालं आज?” दारातच बायकोनं विचारलं.

ते बूट काढायला वाकले. “काही नाही.”

बायकोनं गॅस बंद केला. “बसा. आता नीट सांगा.”

त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी धीर करून म्हणाले, “तू होतीस म्हणून आज त्या पोरीचं कार्ड वाचलं. माझंही रोज असंच कायकाय वाचत असणार, मी कधी तपासलं नाही. खरंच, थँक्यू.”

बायकोनं डोळ्यांना पदर लावला. मग त्यांचा हात हातात घेतला, आणि बघतच राहिली.

“अंगठी कुठंय?”

खात्रीभाऊंनी बोट पाहिलं. पुन्हा पाहिलं. “अगं, बेसिनवर... तिला बटण नव्हतं ना.”

बायको उठली आणि तिनं गॅस पेटवला.

“काय झालं गं?”

“काही नाही.”

या वेळी खात्रीभाऊंनी काहीच तपासलं नाही. बूट चढवले आणि अंगठीसाठी धावत सुटले.