प्रेशर कमी पडतंय

सोपानराव घरी असले की त्यांच्या कमरेला एक दोरी बांधलेली असते. चांगली जाड, सुती, गुरांना बांधतात तसली. ते ओट्यावर पेपर वाचत बसतात, दोरीचं दुसरं टोक उंबरा ओलांडून आतल्या खोलीत जातं आणि येणारा-जाणारा तिला अडखळतो. आमच्या कासारवाडीच्या चाळीत या दोरीवर पुष्कळ संशोधन झालेलं आहे. बायकोनं बांधून ठेवलंय, हे एक मत. जमिनीचा पैसा हातात आला की माणसाला दावं लागतंच, हे दुसरं. ती दोरी त्यांच्या कमरेला पहिल्यांदा बांधली गेली तेव्हा मी तिथं हजर होतो. तिथं म्हणजे भर समुद्रात.

सोपानराव मूळचे पुनावळ्याचे. थोडी जमीन विकून ते कंपनीत चिकटले आणि प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर झाले. प्रेस शॉप म्हणजे पत्र्याला धडाधड ठोकून आकार देणाऱ्या राक्षसी यंत्रांची शेड. मी त्याच कंपनीत टाइम ऑफिसला कारकून. मी दिवसातून एकदा त्या शेडमधून जायचो आणि संध्याकाळपर्यंत डोकं धरून बसायचो. सोपानरावांनी तिथं अर्धं आयुष्य काढलं. परिणामी त्यांची कुजबुज दापोडीपर्यंत जाते. दुसऱ्याला ते बोलू देत नाहीत, आणि चुकून कुणी बोललंच तर त्यांचं उत्तर तयार असतं.

"प्रेशर कमी पडतंय, राव! प्रेशर द्या, चोक निघतो."

नळाला पाणी नाही, प्रेशर कमी. युनियनची बोलणी फिसकटली, प्रेशर कमी. माझ्या मेव्हण्याचं लग्न जमेना, तिथंही तेच. एकदा आमच्या हिनं आपल्या वडिलांच्या आजारपणाची हकिगत त्यांना डोळ्यांत पाणी आणून सांगितली. सोपानरावांनी शेवटपर्यंत मान डोलावली आणि म्हणाले, "प्रेशर कमी पडतंय, वहिनी." सासऱ्यांना ते वाढलं म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं. त्यानंतर महिनाभर आमच्याकडून त्यांच्याकडे वाटीभर आमटीसुद्धा गेली नाही.

पुढं नव्या प्रेसबरोबर एक जर्मन साहेब आला. जाण्याआधी त्यानं कँटीनच्या भिंतीवर आपल्या सुट्टीची चित्रं दाखवली. पांढरंशुभ्र जहाज, बायको, पोरं. आणि जहाज बंदराला लागलं की साहेब पाठीवर सिलिंडर बांधून समुद्राच्या तळाला. अख्खं प्रेस शॉप मडमेचे पोहण्याचे कपडे बघत होतं. सोपानराव एकटे सिलिंडर बघत होते. त्यांनी मला कोपरानं ढोसलं. "इचारा त्यास्नी, खाली कानाचं काय व्हतं?"

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. साहेब म्हणाला, खाली जाताना कान गच्च बसतात, मग नाक दाबून जोर केला की फट्‌दिशी मोकळे होतात. 'फट्' म्हणताना त्यानं कानांजवळ दोन्ही मुठी उघडून दाखवल्या. सोपानरावांनी त्या मुठी पाहिल्या आणि त्या दिवसापासून माणूस कामातून गेला.

त्यांनी वेल्डरचा चष्मा घेतला, काळ्या काचा काढून साध्या बसवल्या आणि कडेनं रबर चिकटवलं. नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा. कमरेला प्रेसमधले भंगार लोखंडी तुकडे. तोंडात रबरी नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला ट्रकच्या चाकात हवा भरायचा पायपंप. साहेबाला सिलिंडर होता, सोपानरावांना मी होतो. दर रविवारी पुनावळ्याला भावाच्या विहिरीच्या काठावर मी पंप मारायचो आणि ते तळाशी जाऊन बसायचे. वर आले की मान हलवायचे. "हिरीत दम न्हाई. प्रेशर कमी पडतंय. समुद्र पायजे."

समुद्र! ज्यांच्या सात पिढ्यांनी पवना नदीपलीकडे पाणी पाहिलं नाही त्यांना समुद्र पाहिजे झाला! पण मे महिन्यात कंपनीला आठवडाभर सुट्टी होती, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून गोव्याची बोट सुटायची, आणि 'तुमचं तिकीट माज्याकडं' म्हटल्यावर माझी तत्त्वं जरा ढिली झाली. आमची ही म्हणाली, "मी येणार नाही. बोट लागण्यापेक्षा मला तो माणूस जास्त लागतो." म्हणून निघालो चौघं: सोपानराव, मी, त्यांच्या पत्नी हौसावहिनी आणि बेबी. बेबी म्हणजे नवससायास करून उशिरा झालेली त्यांची एकुलती एक मुलगी, वय वर्षं चार, आणि चाळीत पोपट म्हणून प्रसिद्ध. आवाज बारीक, पण तोंडाला क्षणाची विश्रांती नाही.

आमची बोट प्रत्येक बंदराला नमस्कार करत जाणारी होती. ती किनाऱ्यापासून लांब उभी राहायची आणि उतारूंना न्यायला होड्या यायच्या. जयगडला होडी लागली तसे सोपानराव सगळा सरंजाम घेऊन उतारूंच्या आधी शिडीवरून खाली, मागोमाग आम्ही तिघं. होडीवाला म्हणाला, "काय पडलं काय हो पाण्यात?" मी म्हटलं, "अक्कल." वहिनींनी त्यांच्या कमरेला दोरी बांधली. खुणा ठरल्या होत्या. एक झटका म्हणजे सगळं ठीक, दोन झटके म्हणजे वर ओढा.

सोपानराव बुडाले आणि बोटीच्या कठड्याला सगळा डेक लोंबकळला. त्या दिवसांत समुद्रात बुडी मारणारा माणूस म्हणजे चोरट्या सोन्याची बिस्किटं, हे लहान पोरालासुद्धा ठाऊक होतं. बंदरावरचा शिपाई दुसऱ्या होडीतून आला तो थेट माझी कॉलर धरायलाच. मी एका पायानं पंप मारतोय, एका हातानं कंपनीचं ओळखपत्र दाखवतोय आणि तो विचारतोय, "खाली कोण आहे?" मी सांगितलं, "आमचे सुपरवायझर." तेवढ्यात सोपानराव फूत्कारत वर आले, बेबीकडे कान करून क्षणभर थांबले, आणि म्हणाले, "न्हाई. प्रेशर कमी पडतंय."

शिपायानं आम्हाला वेडे ठरवून सोडून दिलं. मी मात्र डेकवर चढल्या चढल्या पंप आपटला. वहिनींना स्पष्ट सांगितलं, "तुमच्या यजमानांच्या हौसेपायी मी तुरुंगात जाणार नाही. दुसऱ्याचा शब्द कानावर घ्यायचा नाही, ही कसली मिजास?"

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. सोपानराव दूर कठड्यापाशी एका अनोळखी माणसाला प्रेशरचं महत्त्व सांगत होते. "मिजास न्हाई, भावजी," वहिनी म्हणाल्या. "ऐकाय येत न्हाई त्यास्नी. मोठ्यानं बोललं तर गड्याचं येतं, माजं थोडंफार येतं. पोरीचा आवाज बारीक, त्यो येतच न्हाई. जल्मली तवाचं रडनंबी त्यांनी ऐकलेलं न्हाई. चाळ म्हनती पोर ग्वाड बोलती. ह्ये मला रोज इचारत्यात, काय बोलली गं आज?"

कंपनीत वर्षाला एकदा कानाची तपासणी होते. डॉक्टर पाठीमागं उभा राहून विचारतो, "ऐकू येतंय का?" सगळ्यांना तोच एक प्रश्न, म्हणून सगळे मान हलवून "हो" म्हणतात आणि पास होतात. त्याखेरीज कंपनी कानात घालायला कापूस देते. वहिनींनी वर्षानुवर्षं त्याच्या वाती केल्या. आणि या माणसाचा साधा हिशोब होता: पाइप चोक झाला की प्रेशर देतात, कान चोक झालाय, तर त्यालाही द्यावं. साहेबानं मुठी उघडून दाखवल्याच होत्या. डॉक्टरला विचारलं असतं तर त्यानं दोन शिव्या देऊन बाहेर काढलं असतं. पण डॉक्टरला विचारायचं म्हणजे आधी कबूल करायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालवण आलं. मी पंप उचलला आणि सगळ्यांच्या आधी होडीत उतरलो. पाणी असं नितळ की सोपानरावांची टाळू शेवटपर्यंत दिसत होती. ते जयगडपेक्षा खोल गेले. मी मरेस्तोवर पंप मारला. आयुष्यात देवापाशी फार काही मागितलं नाही, त्या दिवशी मागितलं.

ते वर आले. होडीची कड धरली, चष्मा काढून फेकला, चिमटा काढला आणि कान थेट बेबीच्या तोंडाशी नेला. "बोल, बेबे."

"आबा, मासा दिसला का?" बेबी म्हणाली. होडीवाल्यानं ऐकलं, मी ऐकलं, वर डेकवरच्या लोकांनीही ऐकलं असेल.

"पुन्यांदा बोल."

"मासा दिसला का, आबा?"

सोपानराव तिच्या ओठांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "प्रेशर कमी पडलं." आणि हे त्यांनी इतकं हळू म्हटलं की मलाही जेमतेम ऐकू आलं. त्या गडगडाटी माणसाला असा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. माझा पाय अजून पंपावर होता, तो काढायचं सुचेना.

वहिनींनी तोंड फिरवलं. त्यांच्या हातातली दोरी सैल पडली होती. बेबीनं ती उचलली, आपल्या मुठीभोवती गुंडाळली आणि एक झटका दिला.

सोपानरावांनी कमरेकडे पाहिलं. मग पोरीकडे. पाण्यातूनच त्यांनी दोरी धरली आणि एक झटका परत दिला. बेबी खिदळली. तिनं पुन्हा दिला, त्यांनी पुन्हा दिला. बोटीचा भोंगा झाला, होडीवाला ओरडायला लागला, तरी दोघांचं संपेना.

परवा मी साखर मागायला त्यांच्या दाराशी उभा होतो. दोनदा हाक मारली, पेपर काही खाली झाला नाही. आतून दोरीला हिसका बसला.

"आलो गं, बेबे," म्हणत सोपानराव उठले आणि मला ओलांडून आत गेले.