राऊत सरांच्या चार दिशा

आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला राऊत सरांनी मला चित्र भेट दिलं आणि प्रसाद घ्यायच्या आधी खिशातून होकायंत्र काढलं. भटजी बघतच राहिले. सरांनी हॉलच्या चारी भिंती तपासल्या, पूर्वेच्या भिंतीवर पेन्सिलीनं फुली मारली, तीही नव्याकोऱ्या रंगावर, आणि म्हणाले, "बाई, खिळा इथं ठोका. महालक्ष्मीचा डोंगर पूर्वेला आहे, तो पूर्वेलाच दिसला पाहिजे."

नेमका तिथंच आमच्या ह्यांना टीव्ही लावायचा होता. टीव्ही आजतागायत स्वयंपाकघरात आहे.

डहाणूच्या शाळेत सर चित्रकला शिकवायचे, मी गणित. निसर्गचित्रांशिवाय त्यांनी आयुष्यात दुसरं काही काढलं नाही आणि नियम एकच: चित्रकार ज्या दिशेला तोंड करून बसला, त्याच दिशेच्या भिंतीवर चित्र लागलं पाहिजे. घोलवडच्या चिकूच्या वाड्या उत्तरेला, वाणगावची भातशेती दक्षिणेला, रानशेत गाव पूर्वेला, समुद्र पश्चिमेला. हेडमास्तरांनी केबिनमध्ये समुद्र दक्षिणेला टांगला, तर सरांनी तीन आठवडे आत पाऊल टाकलं नाही. सहीचं मस्टर बाहेर मागवायचे! मी मधे पडले, तर म्हणाले, "बाई, भूमिती शिकवता आणि दिशा कळत नाही तुम्हाला?" हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकलंय. दर वेळी तळपायाची आग मस्तकात जायची.

गेल्या वर्षी समुद्रकाठची ब्रिटिशांच्या काळातली जकात कचेरी दुरुस्त झाली. तिथल्या मोठ्या खोलीत सरांच्या चित्रांचं दालन करायचं, असं आमच्या जुन्या विद्यार्थ्यानं, घोलवडच्या हेमलनं मनावर घेतलं. इमारतीच्या समितीतले निम्मे लोक मात्र म्हणत होते, तिथं चिकू चिप्सचं दुकान काढा. शेवटी असं ठरलं, की समितीचे अध्यक्ष उद्घाटनाला येतील. त्यांना पसंत पडलं तर खोली कायमची सरांची. नाहीतर चिप्स.

अध्यक्ष अकराला येणार होते. दहाला सर आले, दारातून डोकावले आणि बाहेर पायरीवरच बसले.

"मी आत येत नाही. घोलवड उचलून वाणगावला नेलंय."

झालं! मांडववाल्यांनी चित्रं फ्रेमच्या मापानं लावली होती. मी पदर खोचला, हेमल शिडीवर चढला. "सर, घोलवड आलं हां उत्तरेला! वाणगाव पोचलं!" असा तो वरून पुकारा करत होता. अर्ध्या तासात सगळी गावं जागेवर गेली.

राहिला समुद्र. बारा चित्रं, सगळ्यांत देखणी. आणि पश्चिमेला भिंतच नव्हती. होती ती नुसती पाच दारं, कधीकाळी खिळे ठोकून बंद केलेली.

"सर, समुद्र पूर्वेला लावू ने. कोणाला कळतंय?" हेमल काकुळतीला आला.

"मला कळतंय."

"सर, खोली जाईल हातची!"

"जाऊ दे. समुद्र उलटा टांगून मिळालेली खोली मला नको."

माझं डोकंच फिरलं. "अहो, मग काय करायचं ते तरी सांगा! पायरीवर बसून काय होणार आहे?"

सर उठले. म्हणाले, "दारं उघडा."

पहार आली. पाचवं दार उघडलं आणि अध्यक्षांची गाडी फाटकात शिरली. भरतीची वेळ होती. समोर सगळं पाणीच पाणी, त्यावर होड्या, आणि उजेड असा आत घुसला की तिन्ही भिंती उजळून निघाल्या. अध्यक्ष खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि सावकाश स्वतःभोवती फिरले.

"म्हणजे ह्या भिंती नसत्या, तर इथून हेच दिसलं असतं?"

"हेच," सर म्हणाले. "आणि समुद्र खरा असताना माझा कशाला?"

मग काय विचारता! घोलवडच्या एक काकी गुजरातीत ओरडल्या, "अरे, आ तो आपणी वाडी!" रानशेतचा एक म्हातारा चित्रातल्या पायवाटेवरून बोट फिरवत घरी पोचलासुद्धा. अध्यक्षांनी माइकवरून खोली सरांची झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा चिप्सवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. हेमलनं फटाक्यांची माळ लावली आणि मी शिट्टी मारली. हो, मी! गणिताच्या निवृत्त बाईंनी!

सगळे बाहेर वडे खायला गेले, तेव्हा सर एकटेच रानशेतच्या चित्रासमोर उभे होते. मी जवळ गेले.

"जिंकलात हो सर! आता तरी सांगा, हे दिशांचं खूळ आलं कुठून?"

"हिच्यामुळे," ते म्हणाले.

वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, मी शाळेत लागायच्या आधीच गेल्या. मी त्यांचा फक्त फोटो पाहिलेला.

"चार वर्षं अंथरुणावर होती. खिडकीतून दिसायची शेजारच्या इमारतीची भिंत. पडल्या पडल्या विचारायची, माझं माहेर कुठल्या बाजूला? मग दर रविवारी रानशेतला जाऊन बसायचो आणि चित्र आणून त्या बाजूला लावायचो. पुढे दुखणं डोक्यात गेलं. मलाही ओळखेना. पण चित्राकडे हात करून म्हणायची, मला घरी सोडा. मी म्हणायचो, रंग ओला आहे गं, वाळला की निघू."

"आणि ऐकायच्या?"

"लगेच," सर म्हणाले. "नवी नवरी असताना तिनं एकदा ओल्या चित्राला हात लावला होता, तेव्हा मी फार ओरडलो होतो. बाई, तेवढं तिच्या शेवटपर्यंत लक्षात होतं."