मालनला सांगायचं नाही!

दत्तारामच्या पोटात एकदा गोष्ट गेली की ती बाहेर येणं नाही! निदान दत्ताराम तरी दिंडोशीभर असंच सांगत फिरायचा.

त्या सोमवारी तो बायकोचा, मालनचा, गुडघा दाखवायला डॉक्टर शर्मिष्ठाबाईंकडे गेला. बाईंनी मालनच्या छातीलाही नळी लावली. मालन वजन करायला आत गेली, तशा बाई हळूच म्हणाल्या, "काकींच्या हृदयात मर्मर ऐकू येतोय. म्हणजे रक्त वाहताना एक जादा आवाज. बऱ्याचदा त्यात काही नसतं. पण जिना चढताना दम लागतो म्हणाल्या, तेव्हा हृदयाची सोनोग्राफी, इको, काढून घेऊ. रक्तही तपासू."

"तिला सांगू नका! घाबरेल बिचारी. योग्य वेळी मी सांगतो."

"आजच सांगा, काका! आणि छातीत दुखलं, चक्कर येऊन पडल्या, बसल्या जागी धाप लागली, तर थांबायचं नाही. लगेच यायचं."

दत्तारामने गोष्ट पोटात ठेवली. पण हातांना कोण आवरणार? अडतीस वर्षांच्या संसारात पाण्याचा पेलाही स्वतः न घेतलेल्या या माणसाने घरी येताच भांडी घासली! मंगळवारी लादी पुसली, अबोलीची वेणी आणली. वर दर पाच मिनिटांनी, "बरा वाटता मा, गो?"

मालन आधी सुखावली, मग हादरली.

"शकू, ह्यांचं काही खरं नाही गं!" ती शेजारणीला म्हणाली. "मोठं दुखणं लपवतायत. काल तर भांडणात हरले!"

"आपणहून? अगं, डॉक्टर गाठ आधी!"

बुधवारी सकाळी मालनने नवऱ्याला दंडाला धरून दवाखान्यात नेलं. "बाई, ह्यांना तपासा! हा माणूस भांडी घासतोय!"

बाईंनी नळी लावली. "काका ठणठणीत आहेत. पण काका, तुम्ही काकींना अजून सांगितलंच नाहीत?"

झालं! लागली वाट! सगळं बाहेर पडलं.

"काळीज माझा, आणि माकाच पत्तो नाय?" मालन कडाडली आणि तरातरा खालच्या मजल्यावर रक्त द्यायला आणि इको काढायला गेली.

संध्याकाळी रिपोर्ट घेऊन ती एकटीच बाईंकडे आत गेली. दत्ताराम पडद्याला कान लावून उभा राहिला. मालनशिवाय घर ही कल्पनाच त्याला सोसेना. डोळे मिटून त्याने पुटपुटत गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, माझ्या मालनीचा काळीज सांभाळ, तिका माझ्याआधी न्हेव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाकावरचे सगळे पेशंट एका सुरात ओरडले. सगळे कोकणातले, गाऱ्हाण्याला होकार द्यायची सवय हो, दुसरं काय!

मग पडद्याआडून बाईंचा आवाज आला, "काकी, हृदयाच्या झडपा झकास आहेत! अंगात रक्त कमी आहे, म्हणून तो आवाज आणि म्हणूनच दम. गोळ्या देते. महिन्याने परत तपासू."

दत्तारामचे डोळे भरून आले. तो आत धावणार, इतक्यात मालनचं कुजबुजणं कानावर पडलं, "बाई, ह्यांना इतक्यात सांगू नका हं. योग्य वेळी मी सांगेन."

मालन कण्हत बाहेर आली.

"काय म्हणाली गो डॉक्टर?"

"आराम सांगितलाय."

"किती?"

"बराच!"

दत्तारामने तिला हात देऊन रिक्षात बसवलं. घरी आल्यावर बाह्या सरसावून भांड्यांचा ढीग पुढ्यात ओढला आणि मुकाट घासायला लागला. खरं काय ते त्याला ठाऊक होतं. पण दत्तारामच्या पोटात एकदा गोष्ट गेली की ती बाहेर येणं नाही!