इंगोले मॅडम आणि शून्यांची ओळ

आमच्या अनसिंगच्या शाळेतल्या इंगोले मॅडम कुणाच्याही घरी गेल्या, की बसायच्या आधी विचारतात, "तुमचा गेटवे कोनता हाय?"

पहिल्यांदा ऐकणारा माणूस अंगणातल्या फाटकाकडे बोट दाखवतो. मॅडम हसत नाहीत. घरात कॉम्प्युटर असेल तर परवानगी घेऊन त्याच्यासमोर बसतात, हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडतात आणि 'रूट प्रिंट' असं टाइप करतात. पडद्यावर आकड्यांची जत्रा भरते. त्यात नुसत्या शून्यांनी सुरू होणारी एक ओळ सापडली, की चेहरा खुलतो.

"हे पाहा. ज्या पत्त्याची वाट कॉम्प्युटरले ठाऊक नसते, ते सगळं सामान तो या ओळीतल्या पत्त्यावर धाडते. तोच गेटवे. तिथून पुढं दुनिया."

भाच्यासाठी मुलगी पाहायला त्या आसेगावला गेल्या, तेव्हा मुलीच्या आधी तिचा लॅपटॉप पाहिला. मुलीचे वडील घाबरले. "ताई, पोरीवर काही केस हाय का?"

मी मराठी शिकवतो, मला यातलं काही कळत नव्हतं. पण एकदा भर दुपारी शाळेचं नेट बंद पडलं. शिष्यवृत्तीचे अर्ज त्याच दिवशी जायचे होते आणि मुख्याध्यापक राउटरला थापट्या मारत होते.

"सर, त्याले कायले मारून राह्यले?" म्हणत मॅडम खुर्चीत बसल्या. पाहतात तर शून्यांच्या ओळी दोन! एक राउटरची. दुसरी आमच्या क्लार्कच्या मोबाइलची. त्यानं तो चार्जिंगसाठी कॉम्प्युटरला जोडला होता आणि हॉटस्पॉटसारखं काहीतरी चालू राहिलं होतं. त्या मोबाइलचा नेटपॅक संपलेला.

"दोन दारं दिसली, की ज्या ओळीतला शेवटचा आकडा लहान असन त्याच दारानं हा पळते. ते दार बंद हाय हे त्याले काय माईत?"

वायर काढली, अर्ज गेले. मला मात्र नाद लागला. मी मॅडमकडून शिकलो आणि दिसेल त्या कॉम्प्युटरवर शून्यं शोधू लागलो. बायको म्हणाली, "आता तुमीबी?"

मध्यंतरी मॅडम रजेवर होत्या. तपासायच्या उत्तरपत्रिका द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. त्या चहा ठेवायला आत गेल्या आणि समोर कॉम्प्युटर चालू. राहवलं नाही. रूट प्रिंट. वरून खाली दोनदा पाहिलं.

"मॅडम," मी ओरडलोच, "तुमच्याच घरी शून्यांची ओळ नाही!"

त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. "नसनच ना. याची वायर आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरले जाते, बस. घरातल्या घरात बोलाले गेटवे लागत नाही, सर."

आत त्यांचे बाबा होते. बाजार समितीत हर्रास, म्हणजे मालाचा लिलाव, पुकारणारे. त्यांचा आवाज म्हणे रस्त्यापलीकडे ऐकू जायचा. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. मोबाइलवर त्यांचं जाड बोट एकदम दोन अक्षरांवर पडतं, म्हणून मॅडमनं दोन जुने कॉम्प्युटर आणून जोडले होते. तेव्हाच ही काळी खिडकी त्यांच्या हाती लागली.

तेवढ्यात पडद्यावर एक चौकट उघडली. 'कोन आलं?'

'शाळेतले सर,' मॅडमनं उभ्याउभ्याच लिहिलं आणि चहा उतू जाईल म्हणून आत पळाल्या.

भिंतीपलीकडून एकेक बटण दाबल्याचा आवाज येत होता. मी वाट पाहत राहिलो. अक्षरं उमटली.

'सर, माही पोरगी शाळेत कोनाशी बोलते का? घरी मी एकलाच हाय तिले.'

मधल्या सुट्टीत कॉम्प्युटरच्या खोलीत एकट्या डबा खाणाऱ्या मॅडम मला आठवल्या. तिथं आपण कधी डबा घेऊन गेलो नाही, हेही.

'लय बोलते, बाबा,' मी लिहिलं.

पलीकडे पुन्हा बटणं वाजली. मग आलं, 'बरं.'

मॅडम चहा घेऊन आल्या. "काय म्हनत होते बाबा?"

"काही नाही," मी म्हणालो. "रजा संपली, की डबा स्टाफरूममध्ये आणा. सगळे मिळून जेवू."